स्टिकरवरचा नंबर

ठमी नेमकं काय काम करते, हे तिच्या आत्याला आजतागायत कुणाला धड सांगता आलेलं नाही. जिन्यात कुणी विचारलंच तर आत्या म्हणायची, "लोकांच्या धंद्याला चेहरा काढून देते," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पायऱ्या चढायला लागायची. तसं पाहिलं तर उत्तर काही वाईट नाही. ठमी लोगो करायची, वेबसाइट करायची, कार्डं, खोके, पिशव्या, दुकानाच्या काचेवरची अक्षरं, सगळं करायची. कुठल्या कंपनीत नाही, घरातल्याच मागच्या खोलीत. तिथे एक लांब टेबल, त्यावर मोठा स्क्रीन, कोपऱ्यात कागदांच्या नमुन्यांची चळत, आणि खिडकी अशी की समोर दुसऱ्या इमारतीची पांढरी भिंत. दुसरं कुणी असतं तर त्या भिंतीला शिव्या दिल्या असत्या. ठमीला ती आवडायची. छापून आलेला कागद त्या उजेडात धरला की रंग खरा दिसतो, ट्यूबलाइटखाली सगळेच रंग लबाड, असं तिचं म्हणणं.

तिचं खरं नाव वेगळं होतं. पण लहानपणी ती बुटकी, गुबगुबीत आणि कमालीची हट्टी होती, म्हणून आत्याने ठमी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता चाळिशी उलटली, तरी उंची आणि हट्ट दोन्ही होते तिथेच. आई-वडील गेल्यापासून आत्यानेच तिला वाढवलं. आत्या टेलिफोन खात्यातली, उभा जन्म लोकांच्या लायनी जोडण्यात गेलेला. रिटायर झाली तरी फोन वाजला की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

ठमीची गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नमुना. दातांचा डॉक्टर म्हणे, वेबसाइटवर दात नकोत, लोक घाबरतात. फुलवाली म्हणे, फुलं सोडून काहीही दाखवा, फुलं काय सगळेच दाखवतात. व्यायामशाळेचा मालक तर प्रत्येक पानावर स्वतःचा दंड पाहिजे म्हणून अडून बसलेला. ठमी चिडायची, टेबलावर हात आपटायची, "खड्ड्यात जा म्हणावं!" असं ओरडायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसासाठी निळ्याच्या दहा छटा काढून बसायची. तिने कधी कुठे जाहिरात दिली नाही. फुलवालीने बेकरीवाल्याला तिचा नंबर दिला, बेकरीवाल्याने मेहुण्याला दिला, मेहुण्याने आणखी कुणाला. "अमक्यांकडून तुमचा नंबर मिळाला," असं म्हणत माणसं यायची. म्हणजे दुकान म्हणा, पाटी म्हणा, पत म्हणा, ठमीचं जे काही होतं ते त्या एका मोबाइल नंबरात होतं.

आणि त्याच नंबराने घात केला.

झालं असं, की ठमीला एक खोड होती. डिझाइन करायला बसताना गिऱ्हाइकाचा मजकूर पुरता हातात आलेला नसतो. मग इतर डिझाइनर काय करतात, तर फोनच्या जागी नुसती शून्यं टाकून ठेवतात. ठमीला ते बघवायचं नाही. "शून्यांची माळ कसली लावता? खरा नंबर कसा दिसतो ते कळायला नको?" म्हणून ती तिथे स्वतःचाच नंबर टाकायची. बोटांना सवयीचा, डोळे मिटून येणारा. खरा नंबर आला की बदलायची. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नव्हती. पण म्हणतात ना, पट्टीचे पोहणारेच बुडतात.

किल्लीवाले काका तिच्याकडे आले ते फुलवालीचं अडकलेलं शटर उघडून दिल्यावर. साठीला टेकलेले, हडकुळे, बोटं तेलाने कायमची काळी. बोलणं म्हणजे तोलूनमापून, एका वाक्यात चार शब्द झाले तर खूप. सगळा जन्म त्यांनी एका हार्डवेअरच्या दुकानात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून किल्ल्या घासल्या होत्या. मालक गेला, मालकाचा मुलगा आला. त्याला तो कोपरा रंगाचे डबे रचायला हवा होता. काकांना म्हणाला, किल्ल्या बंद, उद्यापासून डबे उचला. काकांनी हत्यारांची पेटी उचलली आणि घरी आले. या वयात स्वतःचा धंदा! बायकोने कपाळाला हात लावला. शेवटी दोघांत ठरलं, की दोन महिने बघायचं. नाही जमलं तर निमूट परत जायचं आणि डबे उचलायचे.

"स्टिकर पाहिजे," काका ठमीला म्हणाले. "जिन्यात लावायला."

दुकान नसलेल्या माणसाला स्टिकर म्हणजेच दुकान, हे ठमीला सांगायला नको होतं. तिने जीव ओतून काम केलं. पिवळ्या रंगावर काळी किल्ली, लांबून दिसेल अशी. कागद असा निवडला की पाणी लागलं तरी उकलणार नाही, आणि गोंद असा की खरवडला तरी निघणार नाही. नंबर मात्र काकांकडे नव्हताच. जुना नंबर दुकानाचा होता, नवीन भाचा घेऊन देणार होता. म्हणून तोवर तिथे ठमीचा.

पहिला नमुना बघून काका म्हणाले, "दात चुकलेत."

"कुणाचे?"

"किल्लीचे. अशाने कुलूप उघडणार नाही."

"अहो काका, चित्र आहे ते!"

"चूक ती चूक."

ठमीला राग आला, पण गंमतही वाटली. तिने दात बदलले. काका म्हणाले, शेवटचा दात खोल झाला. पुन्हा बदलले. मग खाच उलटीकडे गेली. ठमीही इरेला पेटली, काकांची एक किल्ली मागून घेतली आणि हुबेहूब उतरवली. मधल्या काळात भाच्याने नंबर घेतला, काकांनी तो चिठ्ठीवर लिहून दिला, ठमीने चिठ्ठी स्क्रीनच्या कडेला चिकटवली, आणि दोघं पुन्हा दातांकडे वळले. शेवटी एकदाचे काका म्हणाले, "आता उघडेल." ठमीने त्याच आनंदात फाइल छापखान्यात पाठवली. पहिला छापील कागद खिडकीशी धरून पिवळा रंग तपासला. किल्ली तपासली. नंबराकडे बघितलं का? बघितलं की! रोजचा ओळखीचा नंबर, डोळ्यांना कुठे खुपणार? आणि काकांना स्वतःचा नवा नंबर अजून पाठच झालेला नव्हता. त्यांनी किल्ली बघितली आणि मान डोलावली.

मग काका गठ्ठा घेऊन निघाले. इमारत न् इमारत पायाखाली घातली. वॉचमनची मनधरणी करायची, सेक्रेटरीची परवानगी घ्यायची, पत्रपेट्यांशेजारी एक स्टिकर लावायचा, कोपरे अंगठ्याने दाबायचे, पुढे जायचं. न बोलणारा हा माणूस अनोळखी लोकांसमोर हात जोडत किती जिने चढला असेल, त्याचं त्यालाच ठाऊक.

इकडे ठमीला फोन यायला लागले.

"किल्लीवाले ना?"

"राँग नंबर," ठमी म्हणायची आणि कामाला लागायची. कधी सकाळी, कधी ऐन दुपारी. एका बाईने तर दोनदा केला. ठमी वैतागून म्हणाली, "अहो बाई, नीट बघून लावा ना!" घ्या! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या अशा. आणि कित्येक आठवडे तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कारण? कारण आपण चुकत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

दुसरा महिना सरत आला तेव्हा काका तिच्याकडे आले. तक्रार करायला नव्हे. खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "ताई, रंग चुकला का पिवळा?"

"का हो?"

"एक फोन नाही." मग म्हणाले, "सोमवारी दुकानात जातो परत. तुम्हाला सांगावं म्हटलं. मेहनत घेतलीत."

त्यांनी खिशातून एक उरलेला स्टिकर काढून टेबलावर ठेवला, परत करायला आणल्यासारखा. ठमीने तो उचलला आणि खिडकीशी धरला. रंग तर छानच होता. किल्लीही. मग तिची नजर खाली गेली, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली.  ते सगळे फोन. ती बाई, दोनदा करणारी.

गप्प बसता आलं असतं का? आलं असतं. काकांना अजूनही कळलेलं नव्हतं. पण ठमी हट्टी असली तरी खोटी नव्हती.

"काका, नंबर माझा आहे," ती म्हणाली. "माझ्या हातून राहिला. फोन येत होते, खूप येत होते. माझ्याकडे. मी राँग नंबर म्हणत होते."

 आत्या दारात पाणी घेऊन उभी होती, तिनेही ऐकलं. काकांनी ग्लास घेतला, सगळं पाणी प्यायले आणि ग्लास खाली ठेवला.

"येत होते?"

"हो."

"म्हणजे लोकांना पाहिजे."

"हो काका."

"मग उद्यापासून राँग म्हणू नका."

एवढंच बोलले. ओरडले असते तर ठमीला बरं वाटलं असतं. ते गेल्यावर ती टेबलावर डोकं ठेवून रडली. आत्याने समजूतबिमजूत काही काढली नाही. "रडून झालं की पुढचं बघ," म्हणाली आणि ग्लास धुवायला घेऊन गेली.

पुढचं बघायला गेलं तर सगळीकडून वाटा अडलेल्या. नवे स्टिकर छापून देते, ठमी म्हणाली, जुने काढून ते डकवा. छापलेही. पण जुने निघत नव्हते, गोंद तिनेच निवडलेला ना! दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला वॉचमन दारात उभं करीनात. आणि त्याहून मोठी गोम म्हणजे, लोकांनी तो नंबर आपापल्या फोनमध्ये साठवून ठेवला होता. भिंतीवरचं बदलता येईल, लोकांच्या खिशातलं कसं बदलणार? फोन काकांकडे वळवावेत, तर ठमीची गिऱ्हाईकंही तिकडेच वळणार. नंबर एक आणि चुली दोन.

मग आत्या पुढे सरसावली. ठमी घरी असली की फोन आत्याच्या ताब्यात. "हं, बोला. पत्ता सांगा. मजला? कुलूप साधं की लॅचचं? तिथेच थांबा, दाराला लाथा मारू नका." लगेच काकांना निरोप. तोवर बाहेर अडकलेल्या माणसाला आत्या बोलण्यात गुंतवून ठेवायची. एका नवरा-बायकोचं किल्ली कुणी विसरली यावरून जिन्यातच जुंपलं होतं, तर आत्याने फोनवरून दोघांनाही झापलं. काका पोचले तेव्हा दोघं पायरीवर शेजारी शेजारी बसून हसत होते म्हणे. सोमवार आला तसा गेला, काका दुकानात गेले नाहीत. त्यांच्या बायकोने ठमीला फोन करून सांगितलं, "हे आता घरात शीळ घालतात. लग्नापासून पहिल्यांदा ऐकली." ठमीला हायसं वाटलं. वाटलं, चाललंय की. असंच चालू द्यावं.

पण असं चालत नसतं. एका दुपारी ठमी व्यायामशाळेच्या मालकासमोर बसली होती, दंडाची चर्चा चालली होती, म्हणून फोनचा आवाज बंद. बाहेर येऊन बघते तर एकाच नंबरावरून फोनच फोन. तिने लगेच उलटा लावला. एक तरुण बाई रडवेल्या आवाजात बोलली. कचरा ठेवायला म्हणून दाराबाहेर आली, वाऱ्याने दार लागलं, आत लहान मूल आणि गॅसवर दूध. शेजाऱ्यांनी शेवटी दार फोडलं. मूल ठीक होतं, दूध उतू जाऊन गॅस विझला होता, घरभर वास. "तुमचाच स्टिकर समोर दिसत होता हो," ती बाई म्हणाली, "किती लावला फोन!"

ठमी घरी आली ती पांढरीफटक. आत्याने विचारलं, तिने सांगितलं. मग पर्स बाजूला टाकून म्हणाली, "आत्या, नंबर काकांना देऊन टाकते."

आत्या तशी चटकन हो म्हणणारी नव्हे. "नीट विचार कर. तुझी ओळखीची माणसं तू फोन करून कळवशील. पण जी ओळखीची नाहीत त्यांचं काय? कुणीतरी कुणाला तरी तुझा नंबर देतो, आणि तो माणूस येतो. अर्धं काम तुझं त्यांच्यावर. त्यांना तू कुठे शोधणार?"

"नाही शोधू शकणार."

"मग खायचं काय?"

"ते मूल आतच राहिलं असतं तर?" ठमी म्हणाली. तिला पुन्हा रडू फुटलं. "चूक माझी, आणि दारात उभं राहायचं दुसऱ्यांनी? नाही जमायचं मला."

आत्याने तिची टाकलेली पर्स उचलून खुंटीला लावली. मग म्हणाली, "दे मग. लाइन ज्याची त्याला गेलेली बरी."

नंबर काकांच्या नावावर झाला. मोबाइलच्या दुकानात सही करताना ठमीचा हात जड झाला होता, हे कबूल केलंच पाहिजे. काकांना तर काय करावं ते सुचत नव्हतं. "अहो ताई, तुमचं कसं होणार?" हे पाच शब्द म्हणजे त्यांच्या मानाने भाषणच. ठमी हसली आणि म्हणाली, "माझ्यासाठी कुणाचा फोन आला, तर माझा नवा नंबर द्याल का?" काका म्हणाले, "बघू." झालं. हे त्यांचं बघू! ठमीने काय ते ओळखलं. फोनवर काका कसे बोलतात ते तिने ऐकलेलं होतं. "कुठे? येतो," आणि फोन बंद. अशा माणसाने अनोळखी गिऱ्हाइकाला थांबवून पत्ता सांगायचा म्हणजे दिवसा चांदणं पडायची वाट बघणं. आणि कुठल्या तोंडाने आग्रह करायचा? त्याच्या गिऱ्हाइकांना कित्येक आठवडे राँग नंबर म्हणून हाकलणारी तीच ना!

तिने ओळखीच्या एकूणएक लोकांना फोन करून नवा नंबर दिला. दातांच्या डॉक्टराने घेतला, फुलवालीने घेतला, बेकरीवाल्याने घेतला आणि लगेच हरवला. मग नवा फोन टेबलावर पडून राहिला. हातातली कामं संपत आली. ठमीने खोली झाडली, कागदांचे नमुने रंगाप्रमाणे लावले, मग जाडीप्रमाणे लावले. आत्या उगाचच दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायची. चुकलं का आपलं, असं ठमीच्या मनात यायचं, नाही म्हणून कसं चालेल? पण जिन्यातून उतरताना पत्रपेट्यांशेजारचा पिवळा स्टिकर दिसायचा, आणि आता तो खरं बोलतोय एवढं समाधान असायचं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात पन्नाशीच्या एक बाई, हातात पॉलिशच्या वासाची पिशवी. जुनं फर्निचर दुरुस्त करायचा धंदा होता त्यांचा, नवीनच सुरू केलेला. लोगो हवा होता, वेबसाइट हवी होती, कार्डं हवी होती. ठमीने त्यांना मागच्या खोलीत बसवलं आणि विचारलं, "माझा पत्ता कुणी दिला?"

"नंबर फुलवाल्या ताईंच्या दुकानात पडलेल्या तुमच्या जुन्या कार्डावरून घेतला," बाई म्हणाल्या. "पण तो लावला तर एक गृहस्थ बोलले. मी म्हटलं, डिझाइनचं काम आहे. तर म्हणाले, थांबा. कुणाचं तरी दार उघडत होते वाटतं. ते उघडून झाल्यावर त्यांनी स्वतःहून फोन केला मला."

 आत्या दारात येऊन उभी राहिली.

"मी विचारलं, कशा आहेत हो त्या, काम चांगलं करतात का?" बाई पुढे सांगू लागल्या. "तर म्हणाले, कामातलं मला कळत नाही. माझ्या किल्लीचे दात चुकवले, मग नीट केले. नंबर चुकवला, तर स्वतःचा नंबर मला देऊन टाकला. म्हणाले, 'बाई, आपण चुकत नाही म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतील तुम्हाला. ही चुकल्यावर पळून न जाणारी आहे. काम तिलाच द्या.' मग नवा नंबर सांगितला, पत्ता सांगितला, कुठल्या जिन्याने यायचं तेही सांगितलं. फार बोलतात हो ते!"

"कोण, काका?" ठमी म्हणाली, आणि आधी हसू आलं की आधी डोळे भरून आले, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"आणि मी काही पहिली नाही," बाई म्हणाल्या. "आणखी तिघांना तुमच्याकडे पाठवलंय म्हणाले. एक जण आज दुपारी यायचाय. त्यालाही त्यांनी बजावून ठेवलंय."

"काय बजावलंय?"

बाईंनी पिशवीतून आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि जरा ओशाळून हसल्या. "म्हणाले, बाकी सगळं तिच्यावर सोडा. नंबर मात्र समोर बसून टाकून घ्या."

ठमीने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "सांगा."